मुरलेला केक!

क्रीम नाही, आयसिंग नाही, पाइपिंग बॅग तर नाहीच नाही. सफरचंद, काकवी, दालचिनी आणि दोन दिवसांचा पेशन्स... एवढ्यावर घरच्या घरी होतो हा थरांचा केक!

शनिवारची संध्याकाळ. टेबलावर सहा थरांचा केक, थरांमध्ये सफरचंदाचं सारण, वर पिठीसाखर. बाबांच्या साठाव्या वाढदिवसाला मी स्वत: केलेला पहिला केक! दुपारी ओटीजीतून बाहेर काढला आणि सहा वाजता कापायला घेतला. सुरी घातली, तर आवाज आला... कट्ट!

सगळे गप्प. आईनं माझ्याकडे बघणं टाळलं. बाबांनी मात्र शांतपणे तुकडा उचलला, चहात बुडवला आणि म्हणाले, ‘‘बिस्कीट छान झालंय गं.’’

खरं तर हा केक मी त्यांच्यासाठीच निवडला होता. बाबा सांगलीहून पुण्याला येताना पिशवीत काकवीची बाटली घेऊन येतात. दर वेळी. मी सकाळी कॉर्नफ्लेक्स तोंडात कोंबून ऑफिसला पळणारी. काकवी खायची कधी आणि कशाशी? वर्षभरात तीन बाटल्या कपाटात साचल्या. एकदा त्यांनी स्वत:च कपाट उघडलं, बाटल्या बघितल्या आणि काही न बोलता बंद केलं. ते मला जाम लागलं होतं. म्हणून काकवी घालून करता येईल असा केक शोधला. आणि झालं बिस्कीट!

रविवारी रात्रीच्या एसटीनं आई-बाबा गेले. उरलेला केक मी डब्यात घालून विसरून गेले. मंगळवारी रात्री ऑफिसमधून उशिरा आले, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून डबा उघडला... आणि चाटच पडले. तोच केक, पण मऊ, ओलसर! सुरी लोण्यात जावी तशी आत गेली. दालचिनी-जायफळाचा वास घरभर. लगेच फोन लावला. ‘‘बाबा, केक आत्ता छान लागतोय!’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘मग? मुरायला नको होता का?’’

डोंगरातला केक

हा केक मूळचा अमेरिकेच्या अॅपलाचियन डोंगररांगांतला. टेनेसी, केंटकी, नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या डोंगराळ भागातला. तिकडे त्याला म्हणतात अॅपल स्टॅक केक, म्हणजे थरावर थर रचलेला सफरचंदाचा केक. शहरी बेकरीतल्या फुललेल्या स्पंजशी याचं काही नातं नाही. थर पातळ, बिस्किटासारखे, पूर्वी बिडाच्या तव्यातही भाजलेले. मध्ये वाळवलेल्या सफरचंदांचं मसालेदार सारण. आणि गोडव्यासाठी महागड्या साखरेऐवजी घरचं सॉर्गम सिरप.

सॉर्गम म्हणजे? आपली ज्वारी! तिच्याच एका गोड ताटाच्या जातीचा रस आटवून हे सिरप करतात. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गोड ज्वारीच्या अशा सिरपवर बरीच वर्षं काम केलंय. त्यांच्या वाणाचं नावही झकास आहे, ‘मधुरा’.

सिरप मिळालं नाही, तर काकवी आहेच. दोन्हींचा फंडा एकच, अख्खा रस आटवायचा. एक ज्वारीच्या ताटाचा, दुसरा उसाचा. काकवी आणि साखर कारखान्यातली मळी यांत मात्र गल्लत करू नका. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरतं ते. काकवीत सगळं शाबूत असतं.

या केकची एक गोष्ट तिकडे हमखास सांगतात. लग्नात प्रत्येक पाहुणा आपापल्या घरून एकेक थर भाजून आणायचा आणि मांडवातच केक रचला जायचा. जितके थर जास्त, तितकी नवरी लोकप्रिय! ऐकायला भारी. पण जरा विचार करा. लग्नाच्या दिवशी रचलेला केक त्याच दिवशी कापला तर काय होईल? कट्ट! बिस्कीट! हा केक रचून दोन-तीन दिवस ठेवावाच लागतो, त्यामुळे ही गोष्ट खरी असण्याची शक्यता कमीच.

नेमकं होतं काय?

थर कोरडे, सारण ओलं. दोन्ही एकमेकांवर ठेवले की सारणातलं पाणी हळूहळू थरांत शिरतं. काकवीतली साखर ते पाणी धरून ठेवते, म्हणून केक मऊ तर होतो, पण लगदा होत नाही. सारणातला मसाला तेवढ्या वेळात आतपर्यंत पोचतो. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, तसाच हा. यात शॉर्टकट नाही. ओव्हनचं तापमान वाढवून नाही, मायक्रोवेव्हमध्ये फिरवून तर अजिबातच नाही.

सफरचंद कोणतं?

हिमाचलची सफरचंदं साधारण जुलैपासून येतात, मग काश्मीरची. लालचुटुक रेड डेलिशस बाजारात सहज मिळतं. तेही मूळचं अमेरिकनच! मूळचे फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६च्या सुमारास हिमाचलच्या कोटगढ भागात त्याची लागवड केली. पुढे ते इथलेच झाले, सत्यानंद स्टोक्स म्हणून. हे फळ गोड असतं, पण त्यात आंबटपणा कमी. म्हणून सारणात लिंबू हवंच. थोडी मऊ पडलेली, कापून खायला नको वाटणारी सफरचंदंही इथे चालतात.

साहित्य
(७ इंची ६ थरांसाठी)

*सारण:* सफरचंदं दीड किलो, चिरलेला गूळ १०० ग्रॅम, एका लिंबाचा रस, दालचिनी पूड २ टीस्पून, किसलेलं जायफळ अर्धा टीस्पून, लवंग पूड पाव टीस्पून, चिमूटभर मीठ.

*थर:* मैदा ३५० ग्रॅम, लोणी ७५ ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, काकवी अर्धा कप, अंडं १, आंबट ताक पाव कप, खायचा सोडा अर्धा टीस्पून, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, सुंठ पूड १ टीस्पून, मीठ पाव टीस्पून. अंडं नको असेल तर ३ टेबलस्पून घट्ट दही.

वर्किंग डेजचं टाइमटेबल

हा केक एका दिवसात करायचाच नाही, त्यामुळे आपल्यासारख्या नोकरदारांना तो एकदम सोयीचा!

*बुधवार रात्र: सारण.* सफरचंदं सोलून, बिया काढून, फोडी करा. अर्धा कप पाणी घालून झाकण ठेवून मऊ शिजवा आणि घोटा. गूळ, लिंबाचा रस आणि मीठ घालून मंद आचेवर आटवा. पाऊण ते एक तास लागेल. एकीकडे सीरियल बघा, पण अधूनमधून हलवत राहा, नाही तर खाली लागेल. श्रीखंडापेक्षा किंचित सैल झालं की मसाला घालून गॅस बंद. सारण गार झालं की फ्रिजमध्ये. फार आटवू नका. थर मऊ करणारं पाणी याच सारणातून येणार आहे!

*गुरुवार रात्र: थर.* लोणी आणि पिठीसाखर फेसा. त्यात काकवी, अंडं, ताक घाला. मैदा, सोडा, बेकिंग पावडर, सुंठ आणि मीठ एकत्र चाळून मिसळा. ताक आणि काकवी, दोन्हींत थोडा आंबटपणा असतो, सोडा त्यावरच काम करतो. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि थोडा चिकट होईल. घाबरून वरून मैदा ओतू नका, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग सहा भाग करा. प्रत्येक भाग बेकिंग पेपरवर लाटून ७ इंची ताटलीनं गोल कापा आणि काट्यानं टोचे मारा. प्रीहीट केलेल्या ओव्हनमध्ये १८० डिग्रीवर १० ते १२ मिनिटं भाजा. कडा जरा रंगल्या की बाहेर. ओव्हन नसेल तर तापवलेल्या जाड कढईत स्टँड ठेवून, वर झाकण घालून, मंद आचेवर भाजा. थर पातळ असल्यामुळे जमतं.

लगेच रचायला घ्या. सारण थोडं कोमट करून त्याचे पाच सारखे भाग करा. थर, सारण, थर, सारण... सगळ्यात वरचा थर कोरडाच राहू द्या. प्लॅस्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात. रात्रभर बाहेर, सकाळी ऑफिसला निघताना फ्रिजमध्ये. मुंबईच्या दमट हवेत किंवा मे महिन्यात थेट फ्रिजच बरा.

*शुक्रवार:* डब्याला हात लावायचा नाही. झाकण उघडून वास घ्यायचा नाही. रूममेटला डबा दाखवायचासुद्धा नाही!

*शनिवार संध्याकाळ:* तासभर आधी बाहेर काढा, वर पिठीसाखर भुरभुरा, पातळ तुकडे कापा. आता ‘कट्ट’ येणार नाही, प्रॉमिस.

आणि बाबा?

पुढच्या महिन्यात मी सांगलीला गेले. बुधवारी सारण, गुरुवारी थर, शनिवारी सकाळी डबा मांडीवर घेऊन एसटीत. क्रीम नसल्याचा हा मोठा फायदा, खड्ड्यांतून पाच तास हादरे खाऊनही केक जसाच्या तसा! घरी पोचल्यावर बाबांनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. चहात न बुडवता! काही बोलले नाहीत. बोलण्यातले नाहीतच ते.

निघताना मात्र माझी पिशवी जरा जड लागली. आत बघितलं, तर काकवीच्या दोन बाटल्या.

या वेळी कपाटात फार दिवस राहिल्या नाहीत.