मनीपुराण – ४ : तोंडवळा आणि वंशावळ

नाशिकमध्ये पर्शियन मांजर घ्यायला गेलात तर दुकानदाराचा पहिला प्रश्न तोंडाचा असतो. 'डॉल फेस दाखवू की पंच?' डॉल फेस म्हणजे नाक जरा पुढे असलेलं, बाहुलीसारखं तोंड. पंच म्हणजे बुक्की मारून नाक आत बसवल्यासारखं चपटं. मधलं ते सेमी-पंच, त्याही पुढचं एक्स्ट्रीम. मग केसांच्या पायऱ्या लागतात: सेमी कोट, डबल कोट, ट्रिपल कोट. नाक जितकं आत आणि केस जितके दाट, तितका भाव चढा. मण्याचा आकार आणि गोडी बघून द्राक्षाचा दर ठरवणाऱ्या आपल्या गावाला यात वावगं काही वाटत नाही. फक्त एवढंच, की ही प्रतवारी झाली. जात कळायची अजून बाकी आहे.

द्राक्षावरच जरा थांबू. सोनाकाचा मणी लांबट, थॉम्पसनचा त्यामानाने आखूड, हे आपण बाजारात पाहतो. पण बागायतदार मण्यावरून वाण ठरवत नाही. काडी कुठून आणली ते त्याला ठाऊक असतं. एखाद्या वर्षी सोनाकाचे मणी आखूड राहिले म्हणून तो थॉम्पसन होत नाही. मांजरांच्या नोंदणी संस्था काडीच्या जागी वंशावळ धरतात: आई-बाप, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा, प्रत्येकाचं नाव, रंग आणि नोंदणी क्रमांक.

हा खटाटोप फार जुना नाही. १३ जुलै १८७१ रोजी हॅरिसन वीयर यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं आणि पारख कशी करायची याचे निकषही स्वतःच लिहून काढले. अमेरिकेतली सीएफए १९०६ ची, ब्रिटनची जीसीसीएफ १९१० ची. आज आपण ज्यांना 'जाती' म्हणतो त्यातल्या बहुतेकांचं वय दीडशे वर्षांच्या आतलं आहे.

जात ठरली की मग रूप. युरोपातल्या फिफे या महासंघाची पद्धत मला सगळ्यांत आवडते. रेल्वेच्या तिकिटासारखी आटोपशीर आहे. आधी जातीची तीन अक्षरं, मग रंगाचं अक्षर, मग नक्षीचा आकडा. पर्शियनला पीईआर. एन म्हणजे काळा, डी तांबडा, ए 'निळा' (आपण ज्याला सरळ राखी म्हणू तो), ई म्हणजे क्रीम. २२ म्हणजे अंगावर रुंद भोवरे, २३ अरुंद उभे पट्टे, २४ ठिपके, ३३ म्हणजे सयामीसारखं फिकं अंग आणि गडद टोकं. या २३ च्या नक्षीला इंग्रज चक्क बांगड्याचं नाव देतात. कोकणातून आलेल्या वाचकाला का ते सांगायला नको. तेव्हा 'पीईआर डी २३' वाचलं की न पाहताही तांबडं, पट्टेरी पर्शियन डोळ्यांसमोर येतं.

रंगांचा पसारा मोठा दिसतो, पण मूळ रंगद्रव्यं दोनच, काळं आणि तांबडं. एक जनुक त्यांना फिकं करतं, की काळ्याचा राखी आणि तांबड्याचा क्रीम होतो. तांबडेपणाचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसतं. काळा आणि तांबडा एकाच अंगावर यायला दोन एक्स लागतात, म्हणून काळं-तांबडं-पांढरं तिरंगी मांजर जवळपास नेहमी भाटी असते. तिरंगी बोका अगदी विरळा.

आणि हे रंग जातीची कुंपणं मानत नाहीत. राखी पर्शियन असतं तसं गोदाकाठचं बेवारशी मांजरही राखी असतं. 'ग्रे आहे, म्हणजे रशियन ब्लू' असं कुणी सांगितलं तर कागद मागा.

नावावर तर मुळीच जाऊ नका. 'बॉम्बे' नावाची काळीभोर, तांबूस डोळ्यांची जात अमेरिकेत केंटकीतल्या निकी हॉर्नर यांनी बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअरच्या संकरातून घडवली. हिंदुस्थानातल्या काळ्या बिबट्यासारखं दिसतं म्हणून ते नाव. मुंबईशी बाकी काही नातं नाही. 'हिमालयन'चंही तेच. सीएफएने १९८४ मध्ये त्याला पर्शियनचाच एक रंगप्रकार ठरवलं, टीका ही दुसरी संस्था मात्र त्याला वेगळी जात मानते. एकच मांजर, दोन वह्या. खुद्द पर्शियनही २००८ च्या जनुकीय अभ्यासात इराणकडच्यापेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांना जवळचं निघालं.

एक्स्ट्रीम पंचला सर्वाधिक भाव, हे मला खटकतं. नाक आत गेलं की श्वासाची वाट अरुंद होते, अश्रुनलिका वाकडी होऊन डोळे गळतात, जबड्यात दात दाटीवाटीने येतात. वर तिप्पट केसांची गोधडी आणि आपला एप्रिल-मे. पर्शियनांत मूत्रपिंडात गाठी धरणारा आनुवंशिक आजारही आहे. तो आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. त्याचं जनुक २००४ मध्ये सापडलं, चाचणी होते. दुकानात 'कोट कोणता?' विचारण्याआधी या चाचणीचं विचारायला हवं.

कागद नसलेल्या मांजरालाही फिफेच्या प्रदर्शनात जागा असते, घरमांजरांच्या वर्गात. तिथे जातीचे निकष लावत नाहीत. प्रकृती, निगा आणि स्वभाव बघतात. आखूड केसांच्या घरमांजराला एचसीएस. म्हणजे आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्याच्या कौलांवर ऊन खात पडलेली, तपकिरीवर काळे पट्टे असलेली भाटी झाली 'एचसीएस एन २३'. तिला हाक मारायची तर अजून 'मने' अशीच मारावी लागते.

(पुढील आठवड्यात : देशी मांजराला जात मिळते तेव्हा)