रूळ फिरवणाऱ्या हातांचे ११४ बळी

चंद्रपूरकडच्या गोंडपिपरीच्या आसपास धान कापून झालं, की बांध्या मोकळ्या होतात आणि पोरं तिथंच क्रिकेट मांडतात. भेगाळलेल्या मातीत, धसकटाला घासून चेंडू असा काही वळतो की बॅटवाला बघतच राहतो. टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, तो कुठं जाईल. आता असा माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याला ते ठाऊक होतं. प्रत्येक चेंडूला, दिवसभर, परक्या मुलखात.

१९११ साली पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान असे सगळ्यांतले खेळाडू त्यात होते. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, पण पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या समारंभांमुळे ते मोजकेच सामने खेळले. संघाने २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले. हरलेल्या हंगामाची आठवण कोण ठेवतं? तरी हा हंगाम विसरता येत नाही, कारण त्यात बाळू पालवणकर यांनी एकट्याने ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाचे ८ गडी तर त्यांनी एकाच डावात टिपले.

त्यांचा चेंडू वेगाचा नव्हता. डावखुरी, संथ, बोटांनी फिरकी देणारी गोलंदाजी होती ती. गरगरत निघालेला चेंडू भोवतालची हवा ओढून एका बाजूला ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला सरकतो. उजव्या हाताच्या फलंदाजाला तो आत येतोय असं वाटतं. तो पाय टाकतो, बॅट पुढे काढतो. तेवढ्यात चेंडू टप्पा घेतो, शिवण मातीला धरते आणि हवेत आत आलेला तोच चेंडू बाहेर निघून जातो! एकाच चेंडूची दोन वळणं. पहिलं हवेनं दिलेलं, दुसरं मातीनं.

मातीची ही साथ पावसात भिजून वाळू लागलेल्या खेळपट्टीवर सर्वांत जास्त मिळते, आणि त्या काळी खेळपट्ट्या पावसात उघड्याच पडत. म्हणून इंग्लंडच्या पावसानं बाळूंना हात दिला असेल, असं सहज वाटतं. पण १९११चा उन्हाळा तिथं विलक्षण कोरडा होता. ऑगस्टमध्ये पारा ३६ अंशांच्या वर गेला. चंद्रपूरकरांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथं तो विक्रम होता. अशा टणक जमिनीवर ११४ बळी! मला या आकड्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

हे कसब आलं कुठून? माझं उत्तर आहे, रुळातून. बाळूंचा जन्म १८७६चा, चांभार कुटुंबातला. पुण्यात ते आधी पारशांच्या आणि मग इंग्रजांच्या क्लबात कामाला होते: खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, पाणी मारायचं. इंग्रजांकडे पगार महिना ४ रुपये. तिथं जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजांना सरावासाठी ते तासन् तास चेंडू टाकत. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी देत नसे. कुठली माती चेंडू धरते, कुठली सोडते, हे ज्यानं रोज हातानं दाबून पाहिलं, त्याला पुस्तकाची गरज नव्हती. पुढे हिंदू संघात त्यांना घेतलं, कारण त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हतं. तरी चहा त्यांना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. चेंडूला शिवलेले चालत होते, कपाला नाही.

त्याच १९११च्या २९ जुलैला कोलकात्यात मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या फुटबॉल संघानं गोऱ्या पलटणीच्या संघाला २–१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या विजयाला बंगाल आजही विसरलेला नाही. तिकडे इंग्लंडात त्याच उन्हाळ्यात लीस्टरशायरला हरवताना बाळूंनी ११ बळी घेतले होते. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात त्यांचे धाकटे भाऊ शिवराम यांनी नाबाद शतक ठोकलं. आणखी एक भाऊ, विठ्ठल, १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. चार भावांचं हे घर आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत असायला हवं.

यंदा धान निघालं की बांधीत उतरा. एक चेंडू ओल्या धुऱ्याजवळ टाका, एक कोरड्या टणक जागी, बोटांची फिरकी तीच ठेवून. आणि खेळणाऱ्या पोरांना बाळूंचं नाव सांगा.