एका भुंग्याचा हिशेब
भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भुंग्यांच्या थव्याचं एक गणित आहे. पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा दुसऱ्या एका फुलावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर. उरला एकच भुंगा, केवडा आणि मालतीच्या वासात घुटमळणारा. एकूण भुंगे किती?

वर्गात लगेच ‘क्ष’ मांडू नये. त्या एकट्या भुंग्याबद्दल मुलांना हवं तेवढं बोलू द्यावं. मग अंदाज: पाच आणि तीन, दोहोंनी भाग जाणारी संख्या हवी, म्हणून १५ धरू. ३, ५ आणि फरकाची तिप्पट ६, झाले १४. एक उरला! ३० धरले तर दोन उरतात. म्हणजे उरतो तो नेहमी पंधरावा हिस्सा, हे मुलांना आपसूक दिसतं. नुसती सजावट म्हणून चिकटवलेली गोष्ट हे काम करत नाही. इथे भुंगा काढला तर गणितच सुटत नाही.