मोतीबिंदूच्या पलीकडे : खानदेशातील सरकारी नेत्रसेवा

जळगावचे पंधरा आणि धुळ्याचे चार अशा एकोणीस तालुक्यांत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६३ लाख माणसे राहतात. सातपुड्याच्या पायथ्यापासून साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यापर्यंत पसरलेल्या या वस्तीतील ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, त्यांची दृष्टी मुख्यतः दोन ठिकाणांवर विसंबून आहे : धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे जिल्हा रुग्णालय, ज्याला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आणि ज्याला लोक आजही ‘सिव्हिल’ याच नावाने ओळखतात.

या सेवेचा सांगाडा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने घडवला. १९७६ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा रोख आरंभापासून मोतीबिंदूवर होता, आणि ते स्वाभाविकही होते, कारण डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयोमानाने गढूळ होणे हे देशातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण असून ते शस्त्रक्रियेने दूर होऊ शकते. पूर्वी शाळांच्या खोल्यांत आणि तंबूंत शिबिरे भरत, गढूळ भिंग काढून टाकले जाई आणि रुग्ण जाड काचांचा चष्मा लावून घरी परते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत हाती घेतलेल्या प्रकल्पाने हे चित्र पालटण्यास मोठा हातभार लावला : शिबिर रुग्ण शोधण्यापुरते उरले, शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या निर्जंतुक शस्त्रक्रियागृहात होऊ लागली आणि डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रुळली. त्यासाठी आधी बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी मोजून भिंगाची शक्ती ठरवली जाते. मग लहानशा छेदातून गढूळ भिंग काढून नवे बसवतात, आणि बहुधा टाका घालावा लागत नाही.

या यंत्रणेतील सर्वांत कमी चर्चिला जाणारा आणि सर्वांत आवश्यक माणूस म्हणजे ग्रामीण रुग्णालयातला नेत्र चिकित्सा अधिकारी. तो शल्यचिकित्सक नसतो. अक्षरांच्या तक्त्यावर दृष्टी तपासणे, चष्म्याचा नंबर काढणे, शाळकरी मुलांची तपासणी करणे आणि शस्त्रक्रियेची गरज असलेल्यांना निवडून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवणे ही त्याची कामे. शस्त्रक्रियागृह कितीही सुसज्ज असले, तरी गावातील वृद्धा तिथवर पोहोचते ती या माणसामुळे.

मोतीबिंदूच्या बाबतीत ही व्यवस्था कामाला येते, कारण मोतीबिंदू थांबतो. रुग्ण महिनाभर उशिरा आला, तरी बहुतेक वेळा दृष्टी परत मिळते. बुबुळाच्या जखमेला मात्र हा अवधी नसतो. ज्वारी-मक्याच्या धारदार पात्याने, गव्हाच्या कुसळाने किंवा वाळलेल्या पऱ्हाटीच्या टोकाने डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, खरचटला की त्या ओरखड्यातून जंतू किंवा बुरशी आत शिरते, व्रण होतो आणि तो भरला तरी मागे पांढरा डाग राहतो. यालाच गावाकडे ‘फूल पडणे’ म्हणतात. त्यात दुकानातून आणलेले स्टिरॉइडयुक्त थेंब घातले गेले, तर लाली कमी झाल्यासारखी वाटते, पण बुरशी मोकाट वाढते. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधांपैकी ६६.२ टक्क्यांचे कारण मोतीबिंदू आढळले, तर पन्नाशीच्या आतील अंधांमध्ये ३७.५ टक्के प्रकरणे कॉर्नियाच्या अपारदर्शकतेची होती. ऐन कष्टाच्या वयात जाणारी ही दृष्टी असते, आणि कापूस, मका, ज्वारी पिकवणाऱ्या खानदेशाला हा आकडा परका वाटू नये.

फूल पडल्यावर उरणारा उपाय म्हणजे नेत्ररोपण, आणि त्यासाठी मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. मिळणारी बुबुळे गरजेच्या मानाने फारच थोडी असतात. त्यामुळे खरी लढाई पहिल्या दिवसाची आहे. नेपाळमधील भक्तपूर येथे गावपातळीवरील प्रशिक्षित स्वयंसेवकांनी ओरखडा झालेल्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे प्रतिजैविक मलम घातले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, अठरा तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. हे काम आशा स्वयंसेविकेच्या आवाक्याबाहेरचे नाही; लागते ते थोडे प्रशिक्षण, मलमाचा अखंड पुरवठा आणि संशयित व्रण त्याच दिवशी तालुक्याला पाठवण्याची शिस्त.

तरीही अंधत्व नियंत्रणाच्या कामाचे मोजमाप प्रामुख्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टाने होते. टळलेला व्रण कोणत्याही नोंदवहीत येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी जाब विचारत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या सिव्हिलांनी शस्त्रक्रियांच्या आकड्यांशेजारी शेतातील डोळ्याच्या इजा आणि त्या किती तासांत उपचाराला आल्या, हा रकाना उघडावा. आणि तोवर शेतात डोळ्याला पाते लागले, तर दुकानातले थेंब न घालता त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात डोळा दाखवावा.