ओरॅकल ओक ओळखताना

कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवर वाढणारा ओरॅकल ओक हा संकर (दोन जातींच्या परागणातून झालेले झाड) आहे. पानझडी ब्लॅक ओक आणि सदाहरित इंटिरियर लाइव्ह ओक हे त्याचे जनक. संकर म्हणजे दोहोंचा नेमका मध्य, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो खिचडीसारखा: डाळही दिसते, तांदूळही. पानांच्या खाचा ब्लॅक ओकपेक्षा उथळ असतात, टोकांना बारीक कुसळे असतात आणि काही पाने हिवाळाभर टिकतात. मात्र एकाच झाडाची उन्हातली व सावलीतली पानेही वेगळी दिसतात. एखादे विचित्र पान हा पुरावा नव्हे. टोपीवाली फळे दुसऱ्या वर्षी पिकतात, पण तशी ती दोन्ही जनकांचीही पिकतात. त्यामुळे आसपास दोन्ही जनक आहेत का, हेही पाहावे.