ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे

नाशिकरोडच्या आसपास द्राक्षबागेत डाऊनीची पाहणी करत होतो. बागायतदार नाना पानं दाखवता दाखवता थांबले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "साहेब, फवारणीचं मागून बघू. आधी हे वाचा."

अनधिकृत बांधकामाची नोटीस होती. मुलाच्या लग्नाआधी नानांनी मळ्यात पक्कं घर बांधलं, आणि हात लागलाच आहे म्हणून रस्त्याकडेला दोन गाळेही काढले. परवानगीचं विचारलं तर म्हणाले, "ग्रामपंचायतीचा दाखला हाये की!" दाखला खरा होता. पण तो ना-हरकतीचा. नकाशा मंजूर करणारं कार्यालय वेगळंच.

आपल्या भागात हा घोळ जास्त, कारण पाच-दहा किलोमीटरमध्ये कारभारी बदलतात. दसक, पंचक, चेहेडी, विहितगाव महापालिकेत; ही महापालिका १९८२ साली झाली. देवळाली कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, भगूरला नगरपालिका. शिंदे, पळसे ही गावं ग्रामपंचायतीची, पण २०१७ मध्ये नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आल्यावर नियोजनाचा अधिकार त्याच्याकडे गेला. तेव्हा वीट पाडण्याआधी आपला गट कुणाच्या हद्दीत आणि कोणत्या झोनमध्ये, याचा दाखला काढावा. सातबाऱ्यावर झोन लिहिलेला नसतो.

सगळ्यालाच परवानगी लागते असंही नाही. शेतीच्या नेहमीच्या कामातली विहीर किंवा निव्वळ शेतात जाण्यासाठी केलेला रस्ता यांना १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ४३ मध्ये सूट आहे. महसूल संहितेत शेतघराची व्याख्याही उदार आहे: अवजारं, खत, चारा, शेतमाल ठेवण्याची जागा, जनावरांचा गोठा, कुटुंबाचं आणि गड्याचं राहणं, हे सगळं त्यात बसतं. क्षेत्राची मर्यादा मात्र आहे. कांद्याची चाळ शेतीची; रस्त्याकडेचा भाड्याचा गाळा शेतीचा नाही. नाना फसले ते इथं.

आता अर्जाविषयी. साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं समजायचं, हे गावोगाव पाठ आहे. कलम ४५ मध्ये तसं आहेही, पण अर्धंच सांगितलं जातं. कार्यालयानं त्रुटी काढली, तर साठ दिवस आपण उत्तर दिल्या तारखेपासून मोजतात. आणि बांधकाम नियमात बसत नसेल तर साठ सोडा, सहाशे दिवस झाले तरी परवानगी मानली जात नाही. त्रुटीचं पत्र आर्किटेक्टकडे पडून राहतं, शेतकरी इकडे दिवस मोजत बसतो, असे प्रकार मी बरेच पाहिलेत. अर्ज त्याच्या लॉगिनवरून जातो म्हणून गप्प बसू नका. अर्ज क्रमांक स्वतःजवळ ठेवा. नकार आला तर कलम ४७ प्रमाणे चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

महापालिका हद्दीतल्यांसाठी आणखी एक. शहराचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. ज्यांच्या शेतावर त्यात शाळा, बाग, रस्ता असं आरक्षण पडलं, त्यांची दहा वर्षं २०२७ मध्ये पूर्ण होतात. तोवर जमीन घेतली नाही किंवा संपादनाची कारवाईही सुरू झाली नाही, तर मालकीच्या कागदांसह कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांतही संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. आपोआप मात्र काही होत नाही, नोटीस आपणच द्यायची. ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनी हे ग्रामसभेत, चावडीवर सांगितलं तर बरं होईल. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हाच्या ठरलेल्या मुदतीत हरकत घ्यायची असते, हेही पुष्कळांना जमीन रंगलेली दिसल्यावरच कळतं.

नानांना मी एवढंच सांगितलं की नोटिशीची मुदत जाऊ देऊ नका. त्या मुदतीत झालेलं बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. त्यांनी घरापुरता अर्ज टाकला. गाळ्यांची शटरं उतरवली. आत आता द्राक्षाचे क्रेट रचलेत. परवा गेलो तर एक त्रुटी आली होती, तिचं उत्तरही गेलं होतं. उत्तराची तारीख नानांनी फवारणीच्या वहीत लिहून ठेवलीय, तिथूनच दिवस मोजताहेत.