हरभरा शिजेना, दोष कुणाचा?

हरभरे रात्रभर भिजवले, कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, तरी उसळ दाताखाली कचकचते. मग कुणी दुकानदाराला बोल लावतं, कुणी कुकरला. खरं कारण बऱ्याचदा पाण्यात आणि दाण्यातल्या पेशींच्या भिंतीत दडलेलं असतं.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती भिंत असते. सेल्युलोजचे धागे तिला बळकटी देतात, हेमिसेल्युलोज या धाग्यांना धरून ठेवतं आणि शेजारच्या पेशींना एकमेकींशी चिकटवण्याचं काम मुख्यतः पेक्टिन करतं. हे तिन्ही पदार्थ म्हणजे शर्करेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या. दाणा मऊ शिजतो, तेव्हा उष्णतेनं पेक्टिन विरघळतं आणि पेशी सुट्या होतात.

बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम मात्र पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडून ठेवतं. आंबट पदार्थांमुळेही पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणूनच चिंच, आमसूल किंवा टोमॅटो कडधान्य शिजल्यावर घालावं. उष्ण, दमट जागी फार दिवस साठवलेलं कडधान्यही शिजायला वेळ घेतं.

चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की काम लवकर होतं, पण त्यात ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा भिजवतानाच पाण्यात थोडं मीठ घाला. मिठातलं सोडियम पेक्टिनमधल्या काही कॅल्शियमची जागा घेतं. शिजवण्याआधी ते पाणी ओतून टाका. रक्तदाब असलेल्यांनी उसळीत वरून मीठ बेतानंच घ्यावं. राजमा मात्र अर्धाकच्चा कधीच खाऊ नका. त्यातल्या लेक्टिनमुळे उलट्या, जुलाब होऊ शकतात.

शिजल्यावरही ही भिंत वाया जात नाही. पिष्ट आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच, पण त्यांतले दुवे वेगळे. पिष्ट आपण पचवतो, सेल्युलोज पचवू शकत नाही. ते मलाला आकार देतं. पेक्टिनवर मोठ्या आतड्यातले जिवाणू ताव मारतात आणि त्यातून तयार होणारी आम्लं आतड्याच्या अस्तराचं पोषण करतात. प्रौढांनी रोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ खावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एरवी उसळी, भाज्या कमी खात असाल, तर प्रमाण हळूहळू वाढवा आणि पाणी पुरेसं प्या. एकदम वाढवलंत, तर पोट गच्च होईल आणि दोष पुन्हा हरभऱ्यावरच येईल!